तळबीडच्या मोहित्यांची कन्या : महाराणी ताराबाई यांचें कूळ व चरित्र

महोत्सवाच्या या स्मरणपुस्तकांत एका राजस्त्रीच्या कुळाची हकीकत कशास, असें कोणी वाचक विचारील, तर त्यानें मत्तयकृत शुभवर्तमानाचें पहिलें पान उघडून पहावें. आपल्या प्रभूचें चरित्र तेथें वंशावळीनेंच आरंभिलें आहे. पुष्कळ लोक तीं नांवें घाईघाईनें वाचून पुढें जातात. परंतु त्या मालिकेंत पवित्र मरियेखेरीज तामार, राहाब, रूथ आणि उरियाची स्त्री अशा चार स्त्रिया आहेत. त्यांत परक्या देशची आहे, आणि जिच्या वागणुकीस बोल लागला अशीही आहे. शुभवर्तमानकारानें कोणासही वगळलें नाहीं. कूळ सांगावयाचें तर असें सांगावें. पराक्रम तेवढा निवडून घेऊन बाकीचें झांकून ठेवूं नये.

साताऱ्यास राहणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें अजिंक्यतारा नित्य उभा असतो, आणि सांगलीकरांस कृष्णा व वारणा या नद्या घरच्यासारख्या आहेत. या दोन्ही ठिकाणांशीं ज्यांचें आयुष्य जखडलेलें होतें, त्या महाराणी ताराबाई होत. औरंगजेबाशीं झुंजणारी राणी एवढीच त्यांची ओळख आपल्या मुलांस शाळेंत होते. ती झुंज सात वर्षांची. ताराबाई जगल्या शहाऐंशी वर्षें. उरलेल्या वर्षांची कथा अधिक कठीण आहे, आणि ती पुनःपुन्हां एकाच प्रश्नापाशीं येऊन थांबते. तो प्रश्न असा कीं, अमुक पुरुष खरोखर आपल्या रक्ताचा आहे कीं नाहीं.

प्रथम माहेरचें कूळ पाहूं. कऱ्हाडजवळ वसंतगडाच्या पायथ्याशीं तळबीड म्हणून गांव आहे. तें मोहित्यांचें गांव. भोसल्यांच्या घराण्याशीं मोहित्यांची सोयरीक जुनी. शहाजीराजांची दुसरी राणी तुकाबाई ही मोहित्यांचीच कन्या. तंजावरचें राज्य स्थापन करणारे व्यंकोजीराजे हे तिचे पुत्र. पुढें खुद्द शिवाजीमहाराजांनीं मोहित्यांच्या सोयराबाईशीं विवाह केला. तिच्या पोटीं इ. स. १६७० सालीं राजारामाचा जन्म झाला. सोयराबाईचा बंधु हंसाजी, ज्यास हंबीरराव या किताबानें आपण ओळखतों, तो १६७४ सालीं प्रतापराव गुजर नेसरीच्या खिंडींत पडल्यावर सरनोबत झाला. या हंबीररावांची कन्या ताराबाई. जन्म १६७५ सालचा, म्हणजे राज्याभिषेकाच्या दुसऱ्याच वर्षाचा.

हंबीररावांविषयीं एक गोष्ट विस्तारानें सांगितली पाहिजे, कारण तिच्यावांचून लेकीच्या चरित्राचें माप घेतां येत नाहीं. शिवाजीमहाराज १६८० च्या एप्रिलांत निवर्तले. रायगडावर सोयराबाई व कांहीं प्रधान यांनीं दहा वर्षांच्या राजारामास गादीवर बसविलें, आणि वडील पुत्र संभाजीमहाराज यांस पन्हाळ्यावर पकडण्याचा बेत ठरला. आतां सर्व भिस्त सेनापतीवर होती. राणी त्याची सख्खी बहीण, नवा राजा त्याचा सख्खा भाचा. भाच्याचें राज्य म्हणजे मामाचें राज्य, हें व्यवहारांतलें गणित तो जाणत नव्हता असें नाहीं. तरी हंबीररावांनीं वडिलकीचा हक्क मानला, संभाजीमहाराजांचा पक्ष धरला, आणि त्यांस पकडावयास निघालेल्या प्रधानांनाच कैद करून त्यांच्या स्वाधीन केलें. सोयराबाई पुढल्याच वर्षीं मरण पावली. बहिणीच्या सर्वनाशांत आपला हात होता हें ओझें हंबीररावांनीं कसें वाहिलें असेल, तें ज्याचें त्यानें मनांत आणावें. १६८७ च्या डिसेंबरांत वाईजवळ मोंगलांशीं लढतांना तोफेचा गोळा लागून ते पडले. लढाई मराठ्यांनीं जिंकली होती. त्यांची समाधि तळबीडास आहे. कऱ्हाडकडील आपल्या लोकांनीं ती एकदां अवश्य पहावी.

बाप पडला तेव्हां ताराबाई बारा वर्षांच्या होत्या, आणि त्यांचें लग्न त्याच्याही आधीं, आठएक वर्षांच्या असतांना, राजारामाशीं झालेलें होतें. म्हणजे आत्याच्या मुलाशीं. मामाची मुलगी करणें हें आपल्या देशांत अजूनही अनेक घरांत भूषण मानितात, आणि आपल्या मंडळींतही हा विषय अधूनमधून धर्मगुरूपुढें येतो. ख्रिस्तसभेच्या कायद्याप्रमाणें सख्ख्या मामे-आते भावंडांचें लग्न विशेष परवानगीवांचून होत नाहीं, हें येथें जातां जातां नमूद करितों. मोहिते व भोसले यांच्या बाबतींत परिणाम असा झाला कीं, दोन घरांच्या दोऱ्या एकमेकींत इतक्या गुंतल्या कीं राज्याचा तंटा आणि घरचा तंटा हे निराळे काढतां येईनात.

१६८९ सालीं संभाजीमहाराज संगमेश्वरीं पकडले गेले आणि मार्चांत त्यांचा क्रूर वध झाला. रायगडास वेढा पडला. त्या वेळीं संभाजीमहाराजांच्या विधवा येसूबाई यांनीं जें केलें त्यास तोड नाहीं. त्यांचा स्वतःचा पुत्र शाहू सात वर्षांचा होता. त्याच्या नांवाचा आग्रह न धरितां त्यांनीं दीर राजाराम यांनीं राज्य चालवावें व गडाबाहेर निसटून जावें असा सल्ला दिला, आणि आपण मुलासह गडावर राहिल्या. त्या वर्षाच्या अखेरीस गड पडला आणि मायलेकरें औरंगजेबाच्या कैदेंत गेलीं. राजाराम जिंजीस पोंचले. ताराबाई कांहीं वर्षें विशाळगडाकडे राहून मग पतीपाशीं जिंजीस गेल्या, आणि तेथें १६९६ सालीं त्यांस पुत्र झाला. त्याचें नांव आजोबांचें, शिवाजी. दोन वर्षांनीं सवत राजसबाई यांस पुत्र झाला. त्याचें नांव चुलत्याचें, संभाजी. एका छपराखालीं दोन राण्या आणि दोन राजपुत्र. सारा आणि हागार यांची कथा ज्यांस ठाऊक आहे त्यांस पुढलें फार सांगावें लागणार नाहीं.

राजाराममहाराज परत आले, साताऱ्यास राजधानी झाली, आणि औरंगजेबानें १६९९ च्या डिसेंबरांत साताऱ्याच्या किल्ल्यास स्वतः येऊन वेढा घातला. वेढा चालू असतांनाच, १७०० च्या मार्चांत, राजाराम सिंहगडावर तीस वर्षांच्या वयांत वारले. किल्ला प्रयागजी प्रभु यांनीं पुढें दीड महिना लढविला व एप्रिलांत तो देणें भाग पडलें. ताराबाई पंचवीस वर्षांच्या विधवा, हातीं चार वर्षांचा मुलगा, समोर आलमगीर बादशहा खजिन्यानिशीं आणि अफाट फौजेनिशीं. त्यांनीं मुलास गादीवर बसवून कारभार हातीं घेतला. पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा असे किल्ले बादशहा एकामागून एक घेत गेला, पुष्कळसे तर पैसा मोजून; आणि तो पुढल्या गडाकडे वळला कीं मागला मराठे परत घेऊं लागले. त्यांच्या फौजा माळव्यांत आणि गुजराथेंत शिरल्या. ताराबाई स्वतः गडोगडीं हिंडून सरदारांच्या नेमणुका व मोहिमा ठरवीत. मोंगलांच्या बाजूच्या इतिहासकारांनींही त्यांच्या बुद्धीची व कारभाराची वाखाणणी केली आहे. बादशहा १७०७ सालीं अहमदनगरजवळ मरण पावला. या सात वर्षांविषयीं दुमत नाहीं, म्हणून मी तेथें अधिक थांबत नाहीं.

कसोटी पुढें लागली. बादशहाचा पुत्र आज्जम यानें त्याच वर्षाच्या मे महिन्यांत शाहूस सोडलें. अठरा वर्षें कैदेंत काढून तो पंचविशींतला तरुण नर्मदेकडून स्वराज्यांत आला आणि आपली गादी मागूं लागला. ताराबाईंचें म्हणणें असें कीं, संभाजीमहाराजांबरोबर तें राज्य बुडालें. पुढें जें उभें राहिलें तें माझ्या पतीनें मेहनतीनें उभें केलें आणि मीं राखलें, त्यावर माझ्या मुलाचा हक्क. या म्हणण्यांत अर्थ नाहीं असें कोण म्हणेल? परंतु त्या तेवढ्यावर थांबल्या नाहींत. आलेला मनुष्य शाहूच नव्हे, तोतया आहे, असें त्यांनीं जाहीर केलें, आणि सरदार व प्रधान यांजकडून दूधभातावर हात ठेववून आपल्या मुलाशीं निष्ठेच्या शपथा घेतल्या. धनाजी जाधवास खात्री झाली कीं हा खरा शाहू, आणि ऑक्टोबरांत खेडच्या लढाईंत तो शाहूस मिळाला. सचिव शंकराजी नारायण यांस मात्र मार्ग सांपडेना. ताराबाईंस शपथ दिलेली, आणि समोर धन्याचा खरा वंशज. शपथ मोडवेना व धन्यावर शस्त्र धरवेना, तेव्हां त्यांनीं अंबवड्यास प्राणत्याग केला. आत्महत्या हें पातक आहे आणि मी तिचें समर्थन करीत नाहीं. परंतु शपथ म्हणजे देवास साक्षीस बोलावणें हें त्या ब्राह्मण मुत्सद्द्यास जितकें खरें वाटलें, तितकें ती शपथ घालणाऱ्या राणीस वाटलें नाहीं, ही गोष्ट मनास लागते. हंबीररावांनीं भाच्यास बाजूस सारून वडील शाखा मानली होती. त्यांच्या कन्येनें त्याच शाखेच्या वारसास परका ठरविलें.

१७०८ च्या जानेवारींत शाहूमहाराजांचा साताऱ्यास राज्याभिषेक झाला. ताराबाई पन्हाळ्यास गेल्या आणि तेथें निराळी गादी उभी राहिली, जिला आपण कोल्हापूरची गादी म्हणतों. १७१४ सालीं सवत राजसबाईनें डाव साधला. तिचा पुत्र संभाजी गादीवर बसला. ताराबाई व त्यांचा शिवाजी पन्हाळ्याच्या कैदेंत पडलीं. बारा वर्षांनीं शिवाजी तेथेंच देवीच्या रोगानें मेला. ज्या मुलासाठीं साताऱ्याशीं वैर केलें, तो गादीवर बसून मेला नाहीं, बंदींत मेला.

१७३० सालीं शाहूमहाराजांच्या फौजेनें वारणेकांठीं कोल्हापूरकरांच्या छावणीवर हल्ला केला, तेव्हां राण्यांचा परिवार हातीं लागला. शाहूमहाराजांनीं सर्वांस मानानें परत पाठविलें. ताराबाई मात्र पन्हाळ्यास परत जावयास तयार झाल्या नाहींत आणि साताऱ्यास येऊन राहिल्या. पुढील वर्षीं एप्रिलांत वारणेचा तह झाला. वारणा-कृष्णेच्या संगमापासून दक्षिणेस तुंगभद्रेच्या संगमापर्यंतचा मुलूख कोल्हापुराकडे गेला. हा संगम सांगलीजवळ हरिपुरास आहे. तेथें उभें राहून पाहणाऱ्यास दोन चुलत भावांच्या राज्याची वांटणी जेथून मोजली तें ठिकाण दिसतें. ज्यास तोतया म्हटलें होतें त्याच पुतण्याच्या आश्रयास ताराबाई पुढें अठरा वर्षें राहिल्या. शाहूमहाराजांनीं त्यांचा मान राखला, नजर मात्र काढली नाहीं. या राजाच्या मनाचा मोठेपणा आपल्या इतिहासांत पुरेसा गाइला गेला नाहीं, असें माझें मत आहे.

येथें इंग्लंडची एक हकीकत सांगावीशी वाटते, कारण ती आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासांतील आहे आणि तींतही रक्ताचा प्रश्न असाच जीवघेणा झाला होता. ट्यूडर राजांच्या आधीं त्या देशीं यॉर्क घराण्याचें राज्य होतें. त्या घराण्यांतील क्लॅरेन्सच्या ड्यूकची कन्या मार्गारेट, १४७३ सालीं जन्मलेली, पुढें रिचर्ड पोल यांची पत्नी व सॅलिस्बरीची काउंटेस झाली. तिच्या लहानपणींच बापास प्राणदंड झाला. सातवा हेन्री राजा झाल्यावर पर्किन वॉर्बेक नांवाचा एक तरुण आपण यॉर्क घराण्याचा हरवलेला राजपुत्र आहों असें सांगत आला. मार्गारेटची आत्या, बर्गंडीची डचेस, हिनें तो माझाच पुतण्या असें जगास सांगितलें. आपल्या ताराबाईंनीं खऱ्यास खोटा म्हटलें, त्या आत्यानें खोट्यास खरा म्हटलें. १४९९ च्या नोव्हेंबरांत वॉर्बेक फांसावर गेला आणि त्याच आठवड्यांत मार्गारेटचा भाऊ, अर्ल ऑफ वॉरिक, याचें डोकें उडविलें. तो खरा होता, हाच त्याचा अपराध. मार्गारेट मात्र राजकन्या मेरीची पालनकर्ती झाली, धर्मावर व त्या मुलीवर निष्ठा ठेवून राहिली. आणि तिचा पुत्र रेजिनाल्ड, जो पुढें कार्डिनल झाला, त्यानें आठव्या हेन्रीचें धर्मावरील वर्चस्व झुगारलें, तेव्हां राजानें सूड आईवर घेतला. सदुसष्ट वर्षांच्या त्या वृद्धेचा १५४१ च्या मे महिन्यांत लंडनच्या टॉवरांत शिरच्छेद झाला. १८८६ सालीं पोप तेरावे लिओ यांनीं तिला धन्यवादित म्हणून घोषित केलें. त्याच ट्यूडर काळांतील एक इंग्रज, फादर थॉमस स्टीफन्स, १५७९ सालीं गोव्यास आले व त्यांनीं मराठींत ख्रिस्तपुराण रचिलें, म्हणून तो काळ आपणांस अगदींच परका समजूं नये.

आतां साताऱ्याकडे परत वळूं. शाहूमहाराजांस पुत्र नव्हता. त्यांच्या अखेरच्या दिवसांत ताराबाईंनीं सांगितलें कीं, माझ्या शिवाजीच्या मरणसमयीं त्याच्या विधवेस मुलगा झाला; सवतीच्या भयानें मीं तो गुप्तपणें बाहेर पाठवून वाढविला; तो रामराजा हाच खरा वारस. डिसेंबर १७४९ मध्यें शाहूमहाराज वारले आणि नव्या वर्षाच्या आरंभीं रामराजास साताऱ्यास गादीवर बसविलें. नागपूरकर रघूजी भोसले यांनीं खात्रीसाठीं अशी अट घातली कीं, ताराबाईंनीं जातिबांधवांसमोर त्याच्यासह एका पंक्तीस जेवावें व त्या अन्नाची शपथ घेऊन तो आपला नातू आहे असें सांगावें.

ताराबाईंस वाटलें होतें कीं नातवाच्या नांवानें राज्य आपण चालवूं. रामराजा पेशव्यांच्या सल्ल्यानें चालूं लागला; सांगोल्यास झालेल्या करारानें सत्ता बाळाजी बाजीरावांच्या हातीं गेली. २४ नोव्हेंबर १७५० रोजीं, चंपाषष्ठीच्या निमित्तानें, आजीनें नातवास किल्ल्यावर बोलाविलें, पेशव्यांच्या विरुद्ध उभें राहण्यास सांगितलें, आणि तो ऐकेना तेव्हां त्यास तेथेंच कैद केलें. त्या वेळीं त्यांचें वय पंचाहत्तर होतें. गुजराथेंतून दमाजी गायकवाड त्यांच्या मदतीस आला, निंब गांवाजवळ त्यानें पेशव्यांच्या फौजेस मागें रेटलेंही. पण वेण्णेकांठीं बाजू फिरली व तो पेशव्यांच्या कैदेंत पडला. किल्ल्यांतील शिबंदींत आनंदराव जाधव यानें फितुरी मांडली, त्याचें डोकें ताराबाईंनीं उडविलें. बाई खचली नाहीं, हें खरें. परंतु या खेपेस समोर औरंगजेब नव्हता.

अखेर पेशव्यांनीं समेट केला. १४ सप्टेंबर १७५२ रोजीं जेजुरीस खंडोबाच्या देवळांत उभयतांनीं शपथा घेतल्या. त्या शपथेंत ताराबाईंनीं सांगितलें कीं, रामराजा माझा नातू नव्हे. तो गोंधळ्याचा पोर आहे.

इतिहासकारांनीं यावर पुष्कळ लिहिलें आहे, कोणी पहिलें वचन खरें धरितात, कोणी दुसरें. माझी अडचण निराळी आहे. अन्नावर हात ठेवून घेतलेली शपथ आणि देवापुढें उभें राहून घेतलेली शपथ, या दोहोंपैकीं एक खोटी होती यांत संशय नाहीं. पहिली खोटी असेल, तर परक्याचा मुलगा फसवून छत्रपतींच्या गादीवर चढविला. दुसरी खोटी असेल, तर स्वतःच्या मेलेल्या मुलाचा एकुलता अंकुर, बंदिवानाच्या वेदनेंतून वांचविलेला, आजीनें राज्याच्या रागापायीं उघड सभेंत नाकारला. या दोहोंत अधिक भयंकर कोणतें, हें मला ठरवितां येत नाहीं. पेशव्यांनीं तिच्या नव्या शपथेचा उपयोग करून रामराजास काढलें नाहीं. नांवापुरता राजा म्हणून राहूं दिलें, आणि तो किल्ल्यावर बंदींतच राहिला. ताराबाईंस आपला तेवढा ताबा हवा होता, तो मिळाला.

धर्मगुरूच्या कपाटांतील बाप्तिस्म्याच्या जाड वहीकडे कोणी कौतुकानें पाहत नाहीं, म्हणून येथें दोन शब्द लिहितों. मूल कोणाचें, आईबाप कोण, धर्मपिता व धर्ममाता कोण, हें तींत साक्षीदारांसह लिहिलेलें असतें. ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें १५६३ सालीं लग्नाची व बाप्तिस्म्याची अशी नोंद प्रत्येक धर्मग्रामांत ठेवण्याचा नियम केला. इंग्लंडांत त्याआधीं, १५३८ सालीं, थॉमस क्रॉमवेल यानें तसा हुकूम काढला. ज्या मंत्र्यानें मार्गारेट पोल हिच्या घराण्याच्या नाशाची सिद्धता केली, तोच हा. हेतु कसाही असो, वही उपयोगी ठरली. रामराजाच्या जन्माची अशी एक ओळ कोठें असती, तर दोन शपथांपैकीं एक तरी घेण्याची वेळ आली नसती. आपल्या मंडळींतील जे लोक मुलाचा बाप्तिस्मा महिनोगणती लांबवितात व मग जन्मतारीख अंदाजानें सांगतात, त्यांनीं हें लक्षांत घ्यावें.

१७६१ सालच्या जानेवारींत पानिपत झालें, जूनमध्यें बाळाजी बाजीराव वारले. ताराबाई दोन्ही बातम्या ऐकून जगल्या आणि त्याच वर्षीं ९ डिसेंबरास साताऱ्यास निवर्तल्या. शिवाजीमहाराजांच्या हयातींत जन्मलेल्या, आणि संभाजी, राजाराम, आपला शिवाजी, शाहू, रामराजा हे सर्व राजे पाहिलेल्या. रामराजा १७७७ सालीं मरण पावला. त्यास पुत्र नव्हता. भोसल्यांच्या वावी येथील शाखेंतून दत्तक घेतला गेला, व तो धाकटा शाहू म्हणून गादीवर बसला. कोल्हापुरास राजसबाईचा पुत्र संभाजी १७६० सालींच निपुत्रिक वारला होता आणि तेथेंही खानवटच्या भोसल्यांतून दत्तक आणावा लागला. ज्या दोन सवतींनीं आपापल्या पोटच्या रक्तासाठीं एकमेकींस तुरुंग दाखविला, त्या दोघींच्याही रक्ताचा राजा अखेर कोणत्याही गादीवर राहिला नाहीं.

ताराबाईंची समाधि साताऱ्याजवळ माहुलीस, कृष्णा व वेण्णा यांच्या संगमावर आहे. शाहूमहाराजांची समाधिही तेथेंच, नदीच्या कांठीं आहे.